इस्त्री केलेलं फडकं

लग्न ठरल्यावर आमच्या लेकीने दागिन्यांचा हट्ट धरला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. मग तिने मोबाइलवर कुठलीशी गोधडी दाखवली आणि माझं कौतुक तिथल्या तिथे आटलं. लहानपणापासूनचे कपडे कापून, त्यांवर आठवणीच्या वस्तू टाचून तिला तशी गोधडी सासरी न्यायची होती. शिवायची कोणी, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडत नाही.

सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत पंधरा दिवस पाय ठेवायला जागा उरली नाही. बारशाची कुंची, शाळेचा युनिफॉर्म, गॅदरिंगचा टिकल्यांचा फ्रॉक, माझ्या आईच्या इरकलीचा पदर. वर टाचायला कुंचीचे घुंगरू, तुटकं पैंजण आणि पालघरच्या कॉलेजला जायचा लॅमिनेशन केलेला पास. पासावर दोन सुया मोडल्या.

"अगं, हे अंगाला टोचंल. पांघरायची कशी?" मी विचारलं.

"पांघरायची नाहीये, आई. भिंतीवर लावायचीय."

साताऱ्याकडच्या माझ्या आईने जन्मभर गोधड्या शिवल्या. एकही भिंतीवर चढली नाही. पण सांगते कुणाला.

त्यात ते फडकं. निळं, विटकं, बारीक भोकांनी चाळण झालेलं. तुकड्यांच्या ढिगात सापडलं तेव्हा मी ते गॅलरीतल्या बादलीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत ढिगात. "फरशीचं फडकं कोण आणतंय हितं?" मी लेकीवर खेकसले. ती म्हणाली, "मी नाही." आमचे हे पेपर वाचत होते. रिटायर झाल्यापासून ते त्याच खुर्चीत असतात.

"अहो, तुमी तरी काय बोला."

"मला काय कळतंय त्यातलं," हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फडकं ढिगात सगळ्यात वर होतं. धुतलेलं, आणि कडक इस्त्री केलेलं.

आमच्याकडे इस्त्रीला एकच माणूस हात लावतो. केमिकलच्या कंपनीत असताना ह्यांनी रोज स्वतःचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री केला, आणि ॲसिडचे थेंब उडून तो रोज नवी भोकं घेऊन घरी आला. मी फडकं नीट उलगडून बघितलं. ह्यांच्या त्याच शर्टाचा खिशाकडचा तुकडा होता तो, शाईच्या डागासकट. ढिगात लेकीचं सगळं आयुष्य होतं आणि त्यात बापाची चिंधीसुद्धा नव्हती. तिला सुचलं नाही, मलाही नाही. आणि हा माणूस तोंड उघडून मागेल तर शपथ. मला ह्यांचा राग आला, तिचा आला, आणि माझा सगळ्यात जास्त आला.

खिसा बरोबर मधोमध लावायला घेतला. सुई घातली की कापड फाटे. ॲसिड प्यायलेलं सूत, टाकाच धरेना. तीनदा करून बघितलं.

"राहू दे ना, आई. तसंही ते बरं नाही दिसणार," लेक म्हणाली.

ह्यांनी पेपर खाली केला नाही. पानही उलटलं नाही.

मग मला आईची रीत आठवली. बरं कापड वर लावायचं, जीर्ण झालेलं आत घालायचं. ऊब त्या आतल्याचीच. मी इरकलीचा तुकडा उसवला, खिसा त्याच्याखाली सपाट पसरला आणि खिशाला सुई न लावता इरकल सभोवताली टाचून टाकली.

गोधडी पलंगावर पसरली. लेक फोटोसाठी मोबाइल आणायला आत गेली, तसे हे उठून आले. घुंगरू, टिकल्या, पास, सगळ्यावरून हात फिरवत राहिले. हात इरकलीवर आला तेव्हा मीच म्हटलं, "तितंच हाय. खाली."

त्यांनी बोटांनी हळूच दाबून बघितलं.

"टिकंल का पर?"

"भिंतीवर लावनार हाय ती," मी म्हटलं. "टिकंल."