जलीलभाईंचा सातवा बोय

जलीलभाई,

हे वाचून तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलणार नाही, माहीत आहे मला. रुसा. पण त्या दावतीच्या तीन-तीन गोष्टी आगरदांड्याच्या जेट्टीवर फिरताहेत आणि एकीत तर तुमच्या जावयाच्या ओठाला टाके पडलेत. तिन्ही खोट्या. खरं काय झालं ते मला तुम्ही आणि तुमची गुलबानू दोघांनीही सांगितलंय, वेगवेगळं, एकमेकांना चोरून. शिवाय थोडा दोष माझाही आहे. तेव्हा आता जरा बाजूला बसा, मधे बोलू नका, आणि ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांना मला, तुमच्या शेजारणीला, नीट सांगू द्या.

तर जलील हमदुले. बावीस वर्षं कुवेतला शिंपी होता. तिथे शेजारच्या खोलीत एक इंजिनिअर राहायचा, त्याला मासेमारीचा नाद. त्याने जलीलला माशी बांधायला शिकवली. माशी म्हणजे घोंघावणारी नव्हे. गळाला केस, पिसं, जरीचा धागा असं काहीबाही दोऱ्याने बांधून माशाला फसवायची वस्तू. त्या लोकांकडे ती नखाएवढी असते म्हणून तिला माशी म्हणतात. पण जलीलला पकडायचा होता जिताडा, आणि जिताडा म्हणजे खाडीतला दरोडेखोर, त्याला नखाएवढं काय पुरणार? जलीलची माशी वीतभर. दोन तुकड्यांची, मधे तारेचा सांधा, सांध्यावर पितळी मणी. पुढचं धड सरळ चालणार, मागचं शेपूट वळवळणार. गळ अगदी शेवटी, मागच्या तारेत अडकवायचा.

गावी परत आल्यावर त्याने पडवीत शिलाई मशीन मांडलं, टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा ठोकला, आणि लोकांच्या पँटी आखूड करायचं सोडून माशा बांधायला बसला. बकरी ईदच्या बोकडाचे केस, कोंबड्याच्या मानेची पिसं. जरीचा धागा कमी पडला तेव्हा मुलीच्या, आफराच्या, लग्नातल्या ओढणीची किनार. ती किनार गेल्याचं गुलबानूला कळलं त्या दिवशी जेवण मिळालं नाही.

दोन वर्षं तो इंजिनिअरने दिलेली लवलवती काठी घेऊन जेट्टीच्या टोकाला उभा राहून चाबूक फिरवावा तशी दोरी फिरवत होता. जिताडा सोडून सगळं अडकलं. एकदा वरून घार आली आणि माशी घेऊन मोबाइलच्या टॉवरवर जाऊन बसली. जलील खाली दोरी धरून अर्धा तास उभा, पतंग उडवत असल्यासारखा. एकदा दिघीच्या फेरीबोटीतून उतरणाऱ्या पाहुण्याची टोपी गेली. बोटीवर तिकिटं फाडणारा प्रणय त्या दिवसापासून लोकांना ओरडून सांगायचा, "डोकी सांभाळा, चाचा शिकारीला उभे हायत!"

गुलबानूला हे सगळं चाललं असतं. तिला चालत नव्हतं ते टेबल. तिने समोसे गोठवून विकायचा धंदा काढला होता, त्यासाठी मोठा फ्रीझर आणला होता, आणि पडवीत प्लगाशेजारी टेबल असल्यामुळे तो फ्रीझर दोन महिने प्लास्टिकसकट अंगणात उभा होता. त्यावर कोंबड्या बसायच्या.

"आफराच्या अब्बा, एक मासा," ती म्हणाली. "एक तरी मासा दाखवा. दोन वर्षांत माणसाला मूल होतं, चालायला लागतं."

जलील चिडला आणि तोंडातून निघून गेलं. या घरात नव्या जावयाच्या पहिल्या दावतीला अख्खा जिताडा करतात. आफराचा नवरा तबरेज दोह्याहून सुट्टीवर येणार होता. जलील म्हणाला, "दावतीचा जिताडा माझ्या माशीवर येईल. विकतचा घरात आणायचा नाही. नाही आला, तर टेबल उचल."

"कुठे उचलू?"

"भंगारात."

असं बोलायचं नसतं. पण बोलला, चार लोकांत बोलला. आता त्या टेबलापलीकडे त्याला दुसरं होतं काय? मशिदीतून घरी, घरातून जेट्टीवर, आणि मधल्या वेळात ते टेबल. कुवेतला बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं होतं. ही एकच वस्तू तो स्वतःच्या मनाने करत होता.

दावतीचा दिवस उजाडला. पहाटेची भरती रिकामी गेली. जलील रिकाम्या हाताने परत आला. गुलबानूने तुळसाकडून, म्हणजे चाळीस वर्षं तिला मासळी देणाऱ्या कोळणीकडून, उरलेले सहा बोय आणून साफ करून परसात पाण्याच्या टोपात टाकले होते. जावयाला बोय! खाडीत कुणीही पकडतो तो चंदेरी मासा. पण तुळसाकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं, आणि जिताडा आणायला मनाई होती.

दुपारची भरती अजून बाकी होती. जलीलने शेवटची माशी बांधली होती, हुबेहूब बोय, कारण जिताड्याचा जीव बोयवर. डोळे तेवढे लावायचे राहिले होते. ते त्याच्याकडे नव्हते. का नव्हते ते पुढे येईल. माशी पोहते कशी हे पाण्यात बघितल्याशिवाय तो कधी गळ अडकवायचा नाही. परसात गेला, दिसला तो टोप, त्यात त्या सहा बोयांमधून तिला दोऱ्याने फिरवली. केस ओले होऊन अंगाला चिकटले, शेपूट वळलं. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला.

तेवढ्यात पुढून हाक आली, "अब्बा, सलाम!" तबरेज एक बोट आधीच येऊन ठेपला होता. जलील दोरा तोडून, माशी टोपातच टाकून पळाला.

गुलबानूचा मोतीबिंदू काढून आठच दिवस झाले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासून धूसर. पण मासळीला तिला डोळे लागत नाहीत. अंगठा माशाच्या डोळ्यावर दाबते आणि सांगते, सकाळचा की कालचा. हळद-मीठ लावताना तिने एकेकावर अंगठा फिरवला, मोजले मात्र नाहीत. सातव्याला डोळेच लागेनात. खोल गेलेले! पोटही भुसभुशीत. तिने तसाच ओला हात फोनला लावला.

"तुळसा, चार दिवसांचा शिळा बोय घातलास ना गो मला? आज? जावयाच्या दिवशी?"

"माजे बोय पहाटेचे हायत!" तुळसा तिकडून किंचाळली. "थांब, येतेच मी तुज्या घरी."

गुलबानूने त्या शिळ्याला दुप्पट मसाला लावला, रव्यात घोळवला आणि तव्यावर टाकला. केस जळल्यासारखा वास आला. तिला वाटलं, शेजारी कुणी बकऱ्याची मुंडी भाजतंय.

जावई लवकर आला म्हणून भरतीआधीच जेवणाचं दस्तरखान पडलं. सगळ्यांत लांब बोय अर्थातच जावयाच्या ताटात गेला. जलील समोर बसला होता, दुपारच्या भरतीचा विचार करत. तबरेजने घास घेतला. चावला. पुन्हा चावला. नवा जावई तो, सासूच्या हातचं पहिलं जेवण, बिचारा चावतच राहिला.

"कसा झालाय?" गुलबानूने विचारलं.

"मस्त, अम्मी," तबरेज भरल्या तोंडाने म्हणाला. "जरा… रेशे आहेत."

मग त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि काटा काढावा तसा एक पितळी मणी काढून अदबीने ताटाच्या कडेला ठेवला.

जलीलने मणी ओळखला. बोलावं, तर आख्ख्या घरादारासमोर सिद्ध होणार की बायकोच्या स्वयंपाकात याने केस कालवले, आणि टेबल आजच भंगारात. गप्प बसावं, तर जावई बोकडाचे केस आणि पोरीच्या ओढणीची किनार गिळणार. तबरेजने दुसरा घास तोडला. तार लांबली.

"तबरेजमियाँ, थुंका!" जलील ओरडला आणि त्याने दस्तरखानावरून झेप घेऊन जावयाच्या ताटातला मासा ओढला. मागचा तुकडा त्याच्या हातात, पुढचा तबरेजच्या दातात, आणि मधे तार ताणलेली. नेमकी त्याच क्षणी तुळसा दारात.

तबरेजने दात सोडले तशी तुळसाने पुढे होऊन तारेला लोंबणारा तो बोय हातात घेतला, रवा खरवडला, वास घेतला. आणि मग ती दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली.

"गुलबानू! चाळीस वर्सं माज्या मासळीत बोटं खुपसून खुपसून परत करतंस, न् आज तुला बकरा बोय म्हनून खपला?"

तबरेज तोंड धुवायला गेला. आफरा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. जलील उभा होता, हातात काहीच नसताना हात पुढे धरून.

गुलबानूने तुळसाकडून तो बोय घेतला. धूसर डोळ्याशी नेला, काही दिसलं नाही. मग अंगठा फिरवला, डोक्यावरून शेपटापर्यंत, दोनदा. तिच्या त्या अंगठ्याने उभा जन्म कोळणींना रडवलंय, आणि तो फसला होता.

"डोळे कुठायत याला?" तिने विचारलं.

"लावायचे होते."

"लावले असते तर कळलं असतं मला." हे ती तुळसाला ऐकवत होती. मग नवऱ्याकडे वळून, चिडूनच, "मला फसवलंत तुम्ही. मग त्या जिताड्याची काय एवढी मिजास? तो कसा घेत नाही बघू!"

टेबल राहिलं. फ्रीझर झोपायच्या खोलीत गेला, जलीलच्या उशापाशी. रात्रभर घरघरतो म्हणून जलील कानात कापूस घालून झोपतो. आता गुलबानू रोज माशी तपासते, अंगठ्याने, आणि "हिचं पोट ढिलं" म्हणून परत करते. पण बिनडोळ्यांची माशी पाण्यात टाकू देत नाही. डोळे लागले की मगच, असा तिचा हुकूम. म्हणून दावतीपासून जेट्टीवर काठी गेलेली नाही, आणि प्रणयला ओरडायला काही नाही.

आता तुम्ही बोला, जलीलभाई. बोलाल तेच, जे दर वेळी कुंपणावरून विचारता: "बाई, डोळे?" तुमची चिठ्ठी माझ्या पाकिटात दावतीच्याही आधीपासून आहे. बाहुलीचे डोळे, काचेचे, काळे, दोन डझन, मुंबईहून. तेव्हापासून मी मुंबईला मुलाकडे जायला तीनदा रेवसची लाँच पकडली, तीनदा डोळ्यांवाचून परत आले. एकदा खारे दाणे आणले, एकदा स्वतःला चपला. परवा तर नुसती छत्री घेऊन निघाले, आणि तीही लाँचमध्ये विसरले.