गा की वं?

संत्र्याच्या बागेत उन्हं कलली की आईची हाक पानापानांतून झिरपत यायची. मित्रहो, ती हाक आज पुन्हा ऐकली.

माझ्याकडे शाळकरी वयातली एक कॅसेट आहे. तीत मी पाठ केलेली कविता म्हणतोय आणि शेवटी मागून आई हाक मारते, "जेवाले ये..." पुढचं अक्षर इथे नागपूरच्या फ्लॅटमध्ये घुमून विरायचं. आमच्याकडे हाकेच्या शेवटी मुलाला ‘गा’ लावतात, मुलीला ‘वं’. म्हणजे हाक मला की ताईला? आईचा आवाज एवढाच उरलाय, म्हणून आम्हा भावंडांचं म्हातारपणीही त्यावरून भांडण.

उघड्या भिंतींवर आवाज आपटून परततो, असं कळलं. आज दुपारी मी खुर्चीत बसलो आणि आमची सौ. भिंतीवरून आरसा सरकवत गेली. मला आरशात जिथे स्पीकर दिसला, तिथूनच आवाज उलटून कानाशी येणार, म्हणून तिथे कापसाची गादी टांगली. फरशीवर सतरंजी घातली.

"गादी भिंतीवर! मंग आपण काय खुंटीले लटकून झोपाचं?" सौ. म्हणाली.

कॅसेट लावली. कविता सरली, आणि आई अगदी शेजारी उभी असल्यासारखी म्हणाली, "जेवाले ये वं."

मी हरलो होतो, तरी डोळे मिटून तसाच बसलो. ताईला सांगावं की गप्प राहावं, ठरेना.

तेवढ्यात बेल वाजली. न कळवता, नरखेडच्या बसने आलेली ताई दारात धापा टाकत उभी!

"काय झालं? असा काहून पाहून राहिला?"

 तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि कॅसेट मागे घेतली.