फोटो केवढा पाहिजे?

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’ अशा फाइली साठत जातात. किस्सेही तसेच साठलेत. फाइली अप्पा दर अमावास्येला उडवायला लावतात. किस्से उडवायला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

दुकान लातूरच्या ट्यूशन एरियात. फॉर्मसाठी फोटो लहान करून द्यायचे, फ्लेक्ससाठी मोठे करायचे. मालक मन्मथअप्पा. मी शिरूर अनंतपाळची, बीएस्सी झालेली आणि सारखी दचकणारी. प्रिंटर सुरू झाला तरी खुर्चीतून उठायची! अप्पा म्हणालेले, “महिनाभर बघू. जमलं तर राहा.” त्या महिन्यात मी मनातल्या मनात किती वेळा बॅग भरली, ते मलाच माहीत.

* * *

पहिल्या आठवड्यात एक वडील मुलाला घेऊन आले. परीक्षेच्या फॉर्मला पन्नास केबीचा फोटो हवा होता. मी म्हटलं, “काका, फोटो मोठा होतोय, साइट घेत नाही.”

त्यांनी लगेच पोराला मागे सरकवलं. अजून मागे, अजून मागे. पोरगं पायऱ्या उतरून पार रस्त्यावर! काका मला विचारतात, “आता तरी घेती का बघा, मॅडम. लई लहान दिसायलाय.”

मला हसूही येईना. वाटलं, सांगण्यात माझीच चूक झाली. अप्पांनी फोटो पन्नास केबीत बसवून दिला.

* * *

मग वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध भाऊ, खाली बारा कार्यकर्ते. मी सगळी डोकी नीट दिसतील अशी लावली. छापून नेल्यावर तासाभरात एक कार्यकर्ता धापा टाकत परत आला, हातात मोजपट्टी.

“ताई, माझं डोकं भाऊच्या डोक्यापेक्षा अर्धा इंच मोठं झालंय. मला तालुक्यात राहायचंय.”

अप्पांनी नवीन छापून दिला. मला एवढंच म्हणाले, “आधी भाऊचं डोकं मोजायचं, मग बाकीच्यांची.”

* * *

सगळ्यात मोठा घोळ टॉपरच्या फ्लेक्सचा. क्लासच्या सरांनी फोटो दिला होता, पण मी घाईत त्या मुलीचा फॉर्मसाठी बारीक केलेला फोटोच उचलला आणि दहा फूट करून टाकला. चेहऱ्याचे नुसते चौकोन! सर लालबुंद होऊन आले. अप्पांनी त्यांचा हात धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेलं. तिथून मुलगी छान हसताना दिसत होती.

सर बघून म्हणाले, “ते खरंय अप्पा. पण तिची आई जवळ जाऊन बघणार की.”

अप्पांना ते पटलं. पुन्हा छापलं. मी रडत होते, तर त्यांनी चहा पुढे सरकवून एक नियम सांगितला: फ्लेक्स नेहमी चारी बाजूंनी तीन इंच जास्तीचा धरायचा, खिळे ठोकायला. मी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

* * *

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किल्लारीचे एक काका आले. धोतर, टोपी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो. देवणीला मामाच्या दारात उभी असलेली त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी. घरात होते ते फोटो भूकंपात गेले, मुलगीही गेली. हा मामाकडे होता म्हणून राहिला.

एवढ्यात बाहेरून खडीचा ट्रक गेला, काचा थरथरल्या. मी एका उडीत दारात. बघते तर काकाही दारात! अप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, “ट्रक हाय. बसा दोघंबी.”

मी विचारलं, “फोटो केवढा पाहिजे, काका?”

त्यांनी उभं राहून तळहात कमरेपाशी धरला. “एवढी होती. हात नुसता पुढं केला की डोकं लागायचं.”

अप्पांनी त्यांना दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि हाताखाली पेन्सिलची खूण केली. मी टेप लावला. तीन फूट दोन इंच.

काका फोटो घ्यायला आले त्या दिवशी माझा महिना भरत होता. चेहरा जरा धूसर होता, पण हसू कळत होतं. अप्पांनी प्रिंट चौकटीला लावून धरली. मुलीचं डोकं खुणेच्या वर गेलं होतं. तीन इंच जास्तीचे धरायचा नियम कागदाच्या कडांचा होता. मी ते तीन इंच मुलीलाच वाढवले होते. कापायचं तर डोकं तरी जाणार, नाही तर पाय.

काकांनी सवयीने खुणेपाशी हात ठेवला. मग हात थोडा वर घेतला.

“जरा उंच झाली,” ते म्हणाले.

अप्पा म्हणाले, “दुसरी काढून देतो, पाव्हणं. पोरीचं चुकलं.”

काकांचा हात अजून तिथेच होता.

“राहू द्या. एवढ्या वर्षांत वाढली आसंल की.”

ते गेल्यावर अप्पांनी पेन्सिल घेतली आणि चौकटीवर, जुन्या खुणेच्या वर तीन इंचांवर, दुसरी खूण केली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “उद्या नऊला ये.”