जोडकाकाने सोडवलेले जोड

...तर मॉडेम कपड्यांच्या दोरीवर चढवून झालं, इथपर्यंत काल आलो होतो आपण. इकडून चिमटे, तिकडून चिमटे, मधे तो काळा डबा हिरवे दिवे मिचकावत ओल्या टॉवेलाशेजारी झोके घेतोय आणि खाली माझा धाकटा भाऊ कमरेवर हात ठेवून उभा.

"आता बघ दादा, मोकळ्या हवेत इंटरनेट कसं सुसाट सुटतं ते!"

सुटला तो फक्त टॉवेल. तोही थेट माझ्या डोक्यावर.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. माझ्या या भावाला सगळी गल्ली जोडकाका म्हणते. घराच्या खालच्या अंगाला त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान बंद, पण हात बंद नाहीत. कुठं सुटी वायर दिसली की याच्या बोटांना खाज सुटते. केबल टीव्ही नवा नवा आला, तेव्हा आमच्या गल्लीत पहिली वायर याच्याच घरात शिरली. झालं! जो येईल तो म्हणे, जोडकाका, आमच्याकडं पण द्या की. आणि याच्या तोंडात नाही हा शब्दच नाही. वायर कापायची, मधे छोटा डबा बसवायचा, एका वायरीच्या दोन करायच्या. त्या डब्याला कंपनीवाले स्प्लिटर म्हणतात, हा म्हणतो फाटा. केबलच्या माणसाला कळत नव्हतं असं नाही, पण त्याचा रेडिओसुद्धा जोडकाकानेच दुरुस्त केलेला. तो चहा प्यायचा, छताकडं बघायचा आणि निघून जायचा.

दुकानात एक वाक्य मात्र रोज ऐकू यायचं. "मी मारलेला जोड आजवर सुटलेला नाही." गिऱ्हाईक टोस्टर घेऊन आलं तरी हेच ऐकून जायचं.

आता हे मॉडेम दोरीवर का चढलं, ते सांगतो. याची लेक इमारतींचे आराखडे काढते. जावई जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावरच. म्हणून लेक आपल्या छोटीला घेऊन माहेरी राहायला आली आणि वरच्या खोलीतून ऑफिसचं काम करू लागली. घर कसं भरून गेलं म्हणता! छोटी जिन्यावरून धबाधब उतरते, भावजय तिच्यामागं दुधाचा कप घेऊन, आणि जोडकाका नातीच्या बोलक्या बाहुलीचं पोट उघडून बसलेला. मी पलीकडच्या गल्लीत राहतो, पण चहाला रोज तिथंच. आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर बोलणारं कुणी नाही.

पण लेकीचं इंटरनेट चालेना. मीटिंगमधे ती आराखडा दाखवायला लागली की चित्र गोठायचं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, अशी तिची मूर्ती व्हायची आणि समोरची माणसं ताटकळत बसायची. शेवटी तिच्या साहेबीणबाईंनी सांगितलं, गोड आवाजात, पण सांगितलं. सोमवारच्या मीटिंगमधे पुन्हा असं झालं तर घरून काम बंद. सामान घेऊन इकडं शहरातल्या ऑफिसात या.

म्हणजे लेक जाणार. छोटी जाणार. जिना गप्प होणार.

जोडकाकाने शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्या. आधी मॉडेम बंद-चालू केलं. मग कपाटावर ठेवलं, मग खिडकीत, मग दोरीवर. दर वेळी फोनमधे तो वेग मोजायचा काटा बघायचा. काटा जरासा हलायचा, कूस बदलायचा आणि पुन्हा झोपायचा. मग संशयितांची धरपकड सुरू झाली. शेजारणीचा मिक्सर पकडला. फळीवरची पितळी भांडी पकडली, ती सगळी खाली उतरवली. मग नजर माझ्याकडं वळली.

"दादा, तू दारात उभा राहू नकोस. तुझ्या अंगानं लहरी अडतात."

"अरे, मी काय धरण आहे?"

"धरण नाही, पण भिंत आहेस. सरक."

मी सरकलो. काटा तसाच. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही घरी जाऊन बसलात तरी तो हलायचा नाही. आल्यापासून त्या मॉडेमलाच कुणी नीट जेवायला घातलेलं नाही."

बाई हसत बोलली, पण मुद्द्याचं बोलली. लेकीनं ते ऐकलं आणि आपला लॅपटॉप वायरीनं थेट मॉडेमला लावला. म्हणाली, "बाबा, आता मधे हवा नाही, भांडी नाहीत, मोठेकाका नाहीत. आता बघू."

काटा ढिम्म.

"म्हणजे मॉडेम कुठं ठेवलंय याचा यात दोष नाही," ती म्हणाली. "मॉडेमलाच कमी येतंय."

जोडकाकाने कंपनीला फोन लावला आणि यथेच्छ झाडलं. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, तुमच्या घराबाहेरच्या खांबापर्यंत सिग्नल उत्तम आहे, काका. आत काय आहे ते एकदा तपासून बघा.

"आत?" हा एवढ्यांदा ओरडला की छोटी बाहुली टाकून पळाली. "आत मी आहे!"

फोन ठेवल्यावर भावजयीनं पदराला हात पुसत विचारलं, "अहो, टीव्हीची आणि इंटरनेटची ती एकच वायर घरात शिरल्यापासून वरच्या खोलीत पोचेपर्यंत कुठून कुठून जाते?"

मी छताकडं बघितलं, त्या केबलच्या माणसासारखं.

"माझ्या जोडांवर बोट ठेवू नकोस हं," जोडकाका म्हणाला. "आजवर एकसुद्धा सुटलेला नाही."

"सुटले नाहीत हेच तर म्हणतेय मी."

याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाजारात जाऊन सिग्नल वाढवायचा बूस्टर घेऊन आला, तो लावला. पण त्या डब्यानं सिग्नलबरोबर खरखरही वाढवली आणि होता तो वेगही गेला. तरी हा मॉडेमला दोष देत राहिला, हवामानाला देत राहिला. जोडांकडं मान वळवायला तयार नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. चप्पल हरवली तर सगळं गाव शोधेल, पायाकडं बघणार नाही.

रविवारी सकाळी मी चहाला गेलो, तर हा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेला. वर लेक माळ्यावरून बॅग काढत होती. तशी मोठी बॅग नव्हती, पण तिच्यावरची धूळ ती कापडानं पुसत होती आणि छोटी तिला विचारत होती, "आई, बाहुली माझ्या पिशवीत की तुझ्या?"

जोडकाका माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, मॉडेम घेऊन ये."

जिन्याच्या खिडकीपाशी, जिथं वायर बाहेरून घरात शिरते, तिथं पहिल्या फाट्याच्याही अलीकडं त्यानं वायर मोकळी केली. मॉडेम तिथंच पायरीवर ठेवलं आणि थेट जोडलं. लेक लॅपटॉप घेऊन खाली आली. काटा उठला, सरसर चढला, पार पलीकडच्या टोकाला जाऊन टेकला. लेकीनं टाळी वाजवली. भावजयीनं "बाई गं!" म्हणून कपाळाला हात लावला. आणि माझा भाऊ? परीक्षेत दुसऱ्याच्या पोराचा पहिला नंबर आल्यावर बाप बघतो तसा त्या काट्याकडं बघत होता.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. मला नळाचं कळतं. एका नळाला जागोजाग फाटे फोडत गेलात, तर शेवटच्या बादलीत करंगळीएवढी धार पडते. तिथंही हेच झालेलं. दर फाट्यावर सिग्नल वाटला जात होता, आणि वरची खोली अगदी शेवटची.

"चल," तो म्हणाला, "बघू कुठं कुठं वाटत गेलो ते."

मग आम्ही दोघे म्हातारे वायरीला हात लावत निघालो. पहिला फाटा कपाटामागं. तिथून एक वायर भिंतीतून पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात जात होती. न्हावी कधीच मुलाकडं राहायला गेला, आता तिथं बुटांचं दुकान आहे आणि वायरीच्या टोकाला रिकामी भिंत. "दाढी करताना मॅच बघायची होती त्याला," जोडकाका म्हणाला. "एकदा गोल झाला आणि माझी अर्धी मिशी गेली." तो फाटा त्यानं सोडवला. कनेक्टरच्या आतलं तांबं हिरवं पडलं होतं, बोट लावलं की पूड.

पुढचा फाटा भाडेकरूंचा. नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, भांडण झालं की टीव्हीचा आवाज वाढवायचे. ते गेले, वायर राहिली. एक फाटा तर कुठंच जात नव्हता. हा बराच वेळ आठवत बसला, मग कबूल झाला, "असाच मारून ठेवला होता. कुणी मागितलं तर पटकन देता यावं म्हणून."

खालच्या मागच्या खोलीत पलंगामागचा फाटा आला आणि याचा हात थांबला. आमची आई शेवटच्या आजारपणात त्या पलंगावर होती. तिला दिसत कमी होतं, पण टीव्ही चालू लागायचा. बातम्या सांगणाऱ्या बाईला ती रोज विचारायची, जेवलीस का गं? त्यानं पाना हातात घेतला, नाक ओढलं आणि तो जोडही सोडवला. "आईनंच सांगितलं असतं," तो म्हणाला, "पोरीचं काम आधी."

राहिला स्वयंपाकघरातला. भावजय पोळपाट घेऊन दारातच उभी. "माझ्या टीव्हीला हात लावाल तर संध्याकाळी त्या काट्यालाच भाजी चिरायला सांगा."

हिला कोण नाही म्हणणार! पण मार्ग निघाला. खिडकीपाशी एकच नवा फाटा बसवला. त्यातून एक वायर कुठं न अडकता सरळ वरच्या खोलीत, दुसरी भावजयीच्या टीव्हीला. बूस्टर उतरवला. सगळे कनेक्टर नवे, पान्यानं घट्ट आवळलेले. संध्याकाळी वर काटा चढला, खाली मालिका लागली आणि भाजी वेळेवर झाली.

सोमवारी मीटिंग सुरू झाली तेव्हा आम्ही तिघे बंद दाराबाहेर जिन्यावर बसलो होतो. छोटी जोडकाकाच्या मांडीवर, तिच्या तोंडावर त्याचा हात. आतून लेकीचा आवाज येत होता, सलग, कुठं न तुटता. मधेच ती थांबली. जोडकाकाने माझा दंड असा दाबला की काळानिळा झाला. पण ती पाणी प्यायला थांबली होती.

दार उघडलं. लेक हसत होती. साहेबीणबाई म्हणाल्या होत्या, आता स्पष्ट दिसतंय, राहा घरीच. तिनं ती बॅग उचलली, पुन्हा माळ्यावर सरकवून दिली, आणि छोटी बाहुली घेऊन धबाधब जिना उतरली. चहा आला. मला राहवेना. मी म्हटलं, "काय रे जोडकाका, जन्मभर जोड मारलेस, आणि शेवटी लेक घरात राहावी म्हणून सगळे तोडलेस ना?"

त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि कपाटावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खडखडवून दाखवला. म्हणाला, "तोडले कोण म्हणतं? हे काय, सगळे घासूनपुसून ठेवलेत. छोटी मोठी होईल, तिला अभ्यासाला वेगळी खोली लागेल, तेव्हा वायर काय तुझ्या खांद्यावरून नेऊ?"