काळं ऑइल आणि माझे चार शॉकअप

आमच्याकडे गाडीच्या पोटाला काळं ऑइल लावतात. इंजिनातून काढलेलं, जळकं, घाण वासाचं. पावसाळा तोंडावर आला की उरणच्या प्रत्येक ट्रेलरखाली कुणीतरी चिंधी आणि डबा घेऊन उताणं पडलेलं दिसणार. खाडीची हवा लोखंड खाते, ऑइल लावलं की गंज चढत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात काही खोटं नाही. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लावा, खालच्या सांगाड्याला, चासीला लावा, माझी ना नाही. पण आमच्या घरात हे ऑइल लावणं म्हणजे जवळजवळ देवपूजा होती, आणि त्या पूजेचे पुजारी आमचे सासरे.

सासरे आधी मिठागरावर मुकादम होते. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, बंदर आलं, घरात ट्रेलर आले. ट्रेलरचा सगळा कारभार माझ्या मोठ्या दिरांकडे, भावजींकडे. माझा नवरा त्यांच्या हाताखाली. आणि मी स्वयंपाकघरात, बंदरावरच्या ड्रायव्हरांची खानावळ चालवत. भाकऱ्या थापून माझ्या मनगटांचा पार भुगा झाला होता, आणि वर कुणी विचारलं की भावजी सांगणार, ती घरीच असते.

नवऱ्याने एकदा कुठल्याशा लिलावातून लष्कराचा जुना ट्रक उचलून आणला. चारही चाकांना ताकद मिळणारा, बैलासारखा. आणला आणि विसरला. अंगणात वर्षभर उभा होता, कोंबड्या त्याखाली अंडी घालत होत्या. माहेरी मी टेम्पो चालवलेला होता, म्हणून एक दिवस चावी घेतली आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधावरून फेरी मारून आणली. उतरले तेव्हा भावजी दारात उभे. बायका ट्रक चालवायला लागल्या म्हणजे आता आम्ही भाकऱ्या थापायच्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिका की, मी शिकवते. तेव्हापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलं.

मला त्या ट्रकचं काय करायचं होतं ते स्पष्ट होतं. मुंबईचे लोक जीप घेऊन सुधागडच्या बाजूला, पालीच्या पलीकडच्या डोंगरवाटांवर धडपडायला येतात. त्यांना जेवण लागतं, पाणी लागतं, तंबू लागतात. ते सगळं वाहणारा, त्यांच्या मागे कुठेही चढणारा ट्रक हवा. मी मागे पाण्याची टाकी बसवली, स्वयंपाकाचा ओटा बसवला, वर तंबूंचा सांगाडा. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

एवढं वजन चढल्यावर ट्रकचे जुने, खड्ड्यांचे दणके गिळणारे शॉकअप जीव टाकायला लागले. खड्ड्यात चाक गेलं की मागचा भाग तीनदा उडायचा, टाकीतलं पाणी झाकणातून बाहेर, मसाल्याचे डबे खाली. मी पेणच्या पुढच्या एका मेस्त्रीकडे गेले, डोकं खाऊन खाऊन सगळं समजून घेतलं आणि जाड नळीचे, आत गॅस भरलेले, बाजूला तेलाचा वेगळा डबा जोडलेले चार शॉकअप मागवले. पैसे खानावळीचे, पावती माझ्या नावाची. बसवताना मी स्वतः पान्हा धरला. खालच्या बोल्टापुढे लोखंडी पाइप उभा चिरून ढाल केली, म्हणजे दगड थेट शॉकअपवर बसणार नाही. तेलाचे डबे उंच चासीवर, खाली रबर घालून आवळले. चाक फार वर आलं तर शॉकअप तळाला आदळू नये म्हणून वर जाड रबरी गुटके बसवले. आणि मेस्त्रीने सांगितलेली एक गोष्ट मी डोक्यात कोरून घेतली: हा शॉकअप उघडा ठेवायचा. चकचकीत रॉड कोरड्या फडक्याने पुसायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, बस. त्याला वारा लागला पाहिजे, नाहीतर आतलं तेल तापतं. आणि रॉडवर काही गुंडाळलं तर चाक वर येताना ते आतलं तेल अडवणाऱ्या सीलमध्ये थेट शिरणार.

ट्रक घरी आणला तेव्हा सासरे डबा घेऊन तयारच. एका हातात ऑइल, दुसऱ्या हातात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ट्रेलरच्या शॉकअपला ते तशी ट्यूब गुंडाळतात, चिखल जाऊ नये म्हणून. ट्रेलरचं सगळं ओझं पाट्यांवर, तिथे शॉकअप असला काय आणि नसला काय, म्हणून आजवर कधी बिघडलं नाही. मी आडवी आले. अंगणात भावजींचे दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते, त्यांच्यादेखत मी म्हटलं, बाबा, चासीला लावा, पाट्यांना लावा, पण या चौघांना हात लावू नका. ते नीट समजावून सांगितलं, वाऱ्याचं, तापण्याचं, सीलचं. त्यांनी मान हलवली. डबा घेऊन आत गेले. ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले, आणि मला बरं वाटलं. का वाटू नये? पहिल्यांदाच त्या अंगणात माझं कुणी ऐकलं होतं.

पहिली सफर ठरली तेव्हा भावजींनी घरात सगळ्यांसमोर अट घातली. ट्रक नवऱ्याच्या नावावर, म्हणजे घराचा. एक सफर करू दे तिला. धड परत आली तर ट्रक तिच्याकडे. काही मोडून आणलं तर ट्रक बंदरावर, टायर नि जॅक वाहायला, आणि ही परत चुलीपुढे. नवरा खाली बघत म्हणाला, चालेल. त्याचं सगळ्याला चालतं. मीही चालेल म्हटलं, कारण मला माझ्या कामाची खात्री होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारभर मी भाजीपाल्यासाठी बाजारात होते. सकाळी जीपवाले दारात येऊन हॉर्न बडवायला लागले. त्यांच्यातल्या एका टोपीवाल्याने मला बघून विचारलं, मावशी, ड्रायव्हर कुठंय? मी वर चढले आणि ट्रक सुरू केला. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला वेळ नव्हता.

सुरुवातीला त्यांना खाजणातून जायची हौस. बांध एका ठिकाणी फुटलेला, भरतीचं पाणी नुकतंच उतरलेलं, गाळ ढोपरभर. जीप रुतल्या, मी दोर लावून ओढल्या. टोपीवाला दर वेळी मला सांगत होता की कुठला गिअर टाकायचा. दुपारी पालीच्या पुढे डोंगराची वाट धरली. दगड, घळी, पुन्हा दगड. सुरुवातीला ट्रक असा काही चालला की मी एकटीच केबिनमध्ये हसत होते. मग मागून, उजव्या बाजूने, खडखड सुरू झाली. प्रत्येक दगडाला मागचा कोपरा उडायला लागला.

थांबवला, खाली शिरले. उजव्या मागच्या शॉकअपमधून तेल गळत होतं, चाकाच्या आतल्या बाजूला सगळं माखलेलं. आणि रॉडभोवती ट्यूब. वर काळं ऑइल फासलेलं, ऑइलला खाजणातला गाळ चिकटून त्याचं नुसतं लुकण झालेलं. ट्यूब वर सरकून चुरमडली होती आणि तिचा लगदा सीलमध्ये घुसला होता. हात लावला तर नळी तव्यासारखी तापलेली. बाकी तिघांनाही तेच. चारही ठिकाणी ट्यूबच्या खालच्या टोकाला एकच गाठ, मिठाच्या गोणीच्या तोंडाला मारतात ती. आमच्या घरात ती गाठ एकच माणूस मारतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथे, त्या दगडांत उताणी पडून, सासऱ्यांना इतक्या शिव्या घातल्या की टोपीवाला वाकून विचारायला लागला, मावशी, सगळं ठीक ना? मी त्यालाही दोन हासडल्या. मग सुरीने चारही ट्यूब कापल्या, तिघांचे रॉड पुसून काढले, फुटलेला शॉकअप उतरवला आणि पाट्यांच्या भरवशावर बाकीची सफर केली. वेळेवर जेवण दिलं, तंबू ठोकले, वाढलं, धुतलं. दुसऱ्या दिवशी बैलगाडीच्या चालीने घरी आणला. जीपवाले वाटेत दोनदा म्हणाले की तुमच्यामुळे उशीर होतोय.

अंगणात भावजी खुर्ची टाकून बसलेच होते. सासरे ओट्यावर, नवरा दाराच्या चौकटीला टेकून. मागचा कोपरा डुगडुगताना बघून भावजी उठलेसुद्धा नाहीत.

"आनलीस ना मोडून?"

मी फुटलेला शॉकअप त्यांच्या पायाशी टाकला आणि कापलेली ट्यूब सासऱ्यांसमोर ओट्यावर ठेवली. गाठ तशीच होती.

"बाबा, ही गाठ कुनाची?"

त्यांनी ती उचलून बघितली. खोटं बोलतील असं मला वाटलं होतं, आणि मी त्याला तयार होते. पण ते म्हणाले, "माजी."

भावजी घाईघाईने मध्ये पडले. म्हातारा माणूस, भल्यासाठीच बांधली असेल, आजवर कितीतरी गाड्यांना बांधली, त्याने कधी कुठली गाडी मोडली नाही, चालवणारीच्या हातात खोट असेल तर बाबा काय करणार, असं बरंच काही. सासऱ्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"भल्यासाठी न्हाय बांधली," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "तू चार मान्सांत नको बोल्लीस, म्हनून बांधली."

आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. मला वाटतं त्या घरात मला कुणी सांगितलेली ती सर्वांत खरी गोष्ट होती. मी त्यांना समजावताना त्यांनी हलवलेली मान मी होकार समजले होते. त्यांना सगळं समजलं होतं. सील, वारा, तापणं, सगळं. समजलं म्हणूनच नेमकं तिथे बांधलं.

आता भावजी काहीतरी बोलतील, निदान लाजतील, असं मला वाटलं. त्यांनी हात पुढे केला. मोडून आली ती आलीच, कुणी का मोडली असेना, अट ती अट. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने सगळं ऐकलं होतं, माझ्यापासून चार हातांवर उभा होता.

"दे चावी," तो म्हणाला. "कशाला वाद वारवायचा आता?"

मी चावी दिली. भावजींच्या हातात नाही, खुर्चीवर ठेवली. पण ट्रक त्या अंगणातून हलू दिला नाही. जुने शॉकअप मेस्त्रीच्या शेडमागे पडलेले होते, ते टेम्पोत घालून आणले. जॅक लावला, खाली शिरले आणि माझे राहिलेले तिन्ही शॉकअप बोल्ट खोलून काढले. ढाली काढल्या, रबरी गुटके काढले, तेलाचे डबे काढले. जुने खडखडे परत बसवले, कारण बिनशॉकअपचा ट्रक दिला असं म्हणायला मला त्यांना जागा ठेवायची नव्हती. सासरे ओट्यावरून शेवटपर्यंत बघत बसले. एकदा त्यांनी पान्हा पुढे सरकवला. मी तो घेतला नाही, दुसरा घेतला.

चौघांना गोड्या पाण्याने धुतलं, फुटलेल्यालाही, कोरडे पुसले आणि आमच्या पलंगाखाली ओळीने ठेवले. संध्याकाळी नवरा चप्पल शोधायला वाकला आणि तिथेच थबकला.

"गारीच न्हाय," तो म्हणाला, "मंग हे कशाला ठेवलंस?"

"तुमच्या घरात माज्या नावावर एवढंच हाय," मी म्हटलं.