साडूभाऊंचा फिल्टर

गाडीच्या एअर फिल्टरमध्ये धूळ जमते, तसे गॅरेजवर किस्से जमतात. फरक एवढाच की फिल्टर कोणीतरी काढून झटकतं. आम्हाला झटकायला अजून कोणी आलेलं नाही! अमरावतीत बडनेरा रोडला बब्बूभाईचं गॅरेज आहे. तिथल्या बाकड्यावर मी गेली वीस वर्षं बसतो. गाडी नसूनही. त्यामुळे खालचं सगळं खरं आहे. थोडं तेलपाणी माझं.

* * *

प्रकाशभाऊ नांदगाव खंडेश्वरला शाळेत गणित शिकवतात. सासर बार्शीटाकळीचं. दर मे महिन्यात सासरची मंडळी चिखलदऱ्याला जातात आणि त्यांचा एक अलिखित कायदा आहे. परतवाड्यापर्यंत कोणीही कुठेही बसा, पण घाट लागला की बाबा, म्हणजे सासरे, ज्या जावयाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसतील, तो जावई वर्षभर मोठा!

आठ वर्षं हा मान अकोल्याच्या गजाननरावांकडे होता. म्हणजे प्रकाशभाऊंच्या साडूंकडे. मागच्या वर्षी तर प्रकाशभाऊंच्या गाडीनं घाटात दम टाकला. बायकापोरं उतरून चालू लागली आणि बाबा साडूच्या गाडीतून हात हलवत पुढे गेले.

त्यात यंदा बातमी आली की साडूनं कंपनीचा फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला. गाडी वाघावानी गुरगुरते म्हणे!

प्रकाशभाऊ तडक गॅरेजवर. "बब्बूभाई, मलेबी तसाच पाहिजे. ताकद कमी पडून राहिली."

बब्बूभाईनं पाना पुसत विचारलं, "सर, गाडीले का तुमाले?"

* * *

आता निवड. बब्बूभाईनं तीन फिल्टर समोर मांडले. एक साधा कागदी, दोन उघडे शंकू.

गणिताचा माणूस! असा कसा घेईल? प्रकाशभाऊंनी एकेक फिल्टर तोंडाला लावला, डोळे मिटले आणि जोरात श्वास ओढला. कोणत्यातून हवा जास्त येते, ते पाहायला. तेही भर रस्त्यावर.

एक सायकलवाला थांबला. मला हळूच म्हणाला, "सरांले दमा हाय का? चांदूर रेल्वेले एक वैद्य हाय, आमच्या बुढ्याले गुण आला."

मी काही बोलणार तेवढ्यात बब्बूभाई ओरडला, "सर, इंजन बिडी नै पीता!"

* * *

शेवटी मोठा शंकू बसला. पहिल्याच आठवड्यात प्रकाशभाऊ जिनिंगच्या रस्त्यानं गेले. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापूस तरंगतोय आणि आपला फिल्टर बॉनेटखाली आ वासून बसलेला.

गाडी घरापर्यंत खोकत आली. बॉनेट उघडलं तर आत फिल्टर दिसेना, उशी दिसली! मी तर म्हणतो, अर्धी गादी भरली असती.

वहिनींनी तो कापूस शांतपणे काढून घेतला, निवडला आणि वाती वळायला बसल्या. म्हणाल्या, "चला, या गाडीनं पयल्यांदा घरात काई आणलं."

* * *

मग फिल्टर धुतला. असा फिल्टर वाळला की त्याला हलका तेलाचा हात द्यावा लागतो आणि ते तेल वेगळं मिळतं. प्रकाशभाऊ म्हणाले, "तेल ते तेल!" घरात घाण्यावरचं जवसाचं तेल होतं. चांगलं चोपडलं आणि फिल्टर आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवला.

जवसाचं तेल उन्हात काय करतं, हे जुन्या सुताराला विचारा. लाकडाला चढवलेल्या पॉलिशसारखा फिल्टर कडक! बब्बूभाईनं त्यावर बोटानं वाजवलं. टक, टक.

"सर, खिडकी सांगितली होती. तुमी बंद दरवाजा बनवला."

तेवढ्यात साडूचा फोन. "भाऊ, काय म्हणते गाडी?"

प्रकाशभाऊ तो कडक फिल्टर मांडीवर घेऊन म्हणाले, "सेटिंग चालू हाय."

* * *

साडूचंही काही सुरळीत नव्हतं. एका दुपारी गजाननराव अकोल्याहून एकटेच गॅरेजवर आले. आवाज खाली आणून म्हणाले, "प्रकाशभाऊले सांगू नका. गाडी तापली का ओढतच नाही."

बब्बूभाई म्हणाला, "उघडा फिल्टर इंजनचीच गरम हवा खाते. थंडी हवा द्या त्याले."

"ते तर देऊन राहिलो!"

बब्बूभाईनं बॉनेट उघडलं. फिल्टरभोवती कूलरचा वाळा बांधलेला, ओला! वर पाण्याची बाटली उलटी टांगलेली! सगळ्या गॅरेजमध्ये वाळ्याचा असा सुवास सुटला की आम्ही बाकडं ओढून बॉनेटजवळ घेतलं.

"आता अकोल्यात थंडी हवा कूलरबिगर कुठी भेटते?" गजाननरावांचा प्रश्न. मला तर पटला!

बब्बूभाई म्हणाला, "साहेब, वाळा काढा. नाईतर गाडीले सर्दी होईन."

* * *

मे महिना आला. बब्बूभाईचं ऐकून प्रकाशभाऊंनी कंपनीचा जुना डबा परत बसवला, आत नवा कागदी फिल्टर, आणि घाटात खरा दगा देणारा झिजलेला क्लचही बदलला. गाडी आता मांजरीसारखी मुकाट. मलाही मागची एक सीट मिळाली.

परतवाड्याला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. बाबांनी दोन्हींकडे पाहिलं, "यंदा नवा क्लच पाहू" म्हणत धोतर सावरलं आणि येऊन प्रकाशभाऊंच्या शेजारी बसले! प्रकाशभाऊंनी साडूकडे पाहून आधी हॉर्न वाजवला. नवव्या वर्षी!

घाट लागला. गाडी झकास चढत होती. पहिल्या वळणावर बाबा दचकले, "बंद पडली का?"

"नाई बाबा, चालू हाय."

दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्या वळणावर बाबा म्हणाले, "प्रकाशराव, थांबवा. चाळीस वर्षं वावरातल्या इंजनाजोळ झोपलो मी. आवाज बंद झाला का मले जाग येते. हे मुकं जनावर काई झोपू देत नाही."

उतरले आणि मागून गुरगुरत येणाऱ्या साडूच्या गाडीत बसले. दोन वळणांत घोरू लागले.

वर पोहोचलो. सगळे दरी पाहायला धावले. गजाननरावांनी गाडी बंद केली, तसे बाबा ताडकन उठले, "काऊन बंद पडली रे?" पुन्हा चालू केली. बाबा झोपले. नुसती चालू ठेवून भागेना, पाय काढला की आवाज उतरे आणि बाबांचा डोळा उघडे. म्हणून गजाननराव अॅक्सिलरेटर दाबून बसले.

आम्ही पॉइंट पाहिला, भजी खाल्ली, फोटो काढले. तासाभरानं प्रकाशभाऊ चहाचा कप घेऊन साडूच्या खिडकीशी गेले. गजाननराव घामानं निथळत होते. कुजबुजले, "भाऊ, तुमचा थो डबा मले देता का? माझा हा शंकू तुमाले घ्या. बाबा मंग तुमच्याच गाडीत बसतीन. जलमभर!"

प्रकाशभाऊंनी घोरणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं. मग समोरच्या दरीकडे. मग कप साडूच्या हातात दिला.

"राहू द्या, साडूभाऊ. मान तुमचाच हाय. तुमी चहा घ्या, फक्त पाय काढू नका."