शोकप्रस्तावाची सत्यप्रत

सोलापुरात वकील म्हटलं की लोकांना जमिनीचे वाद आठवतात, अपघाताचे दावे आठवतात, फार तर घटस्फोट. मी स्पर्धा कायद्याची वकील आहे असं सांगितलं की समोरचा विचारतो, कसली स्पर्धा, वक्तृत्व की कुस्ती? सुरुवातीची काही वर्षं मी हसून समजावत असे. धंदेवाल्यांनी आपसात संगनमत करून भाव ठरवायचा नाही, गावं वाटून घ्यायची नाहीत, वेगळं वागणाऱ्याला बाजारातून उठवायचं नाही, असा एक कायदा आहे. तो मोडल्याचा आरोप ज्या कंपन्यांवर येतो त्यांची बाजू मी दिल्लीच्या आयोगापुढं मांडते. माझ्या मावशीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी उठवनाऱ्याची वकील की तू." तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

ज्या केसबद्दल लिहिते आहे तिच्यात माझे पक्षकार आठ कंपन्या होत्या. उजनी धरणाच्या काठानं केळीच्या बागा आहेत. तिथली केळी धुऊन, खोक्यांत भरून परदेशी पाठवायचा या कंपन्यांचा धंदा. कंपनी म्हटलं तरी प्रत्येकीमागं एकच घर, एक पॅकहाऊस, दारात एक मोठी पांढरी गाडी आणि गाडीच्या काचेवर दैवताचं नाव. या आठांनी मिळून एक संघटना काढलेली होती. संघटनेनं काठावरची गावं वाटून दिली होती. ही गावं तुझी, ती माझी. एका गावच्या शेतकऱ्यानं दुसऱ्या कंपनीला फोन केला, तर उत्तर ठरलेलं: "आज गाडी न्हाय." रोज सकाळी आठही जणांच्या तोंडून एकच भाव निघायचा, आणि घड झाडावर थांबत नाहीत हे त्या आठांना शेतकऱ्याइतकंच माहीत होतं.

खरं तर सभासद नऊ होते. नववं पॅकहाऊस एका वयस्कर गृहस्थांचं. संघटना काढली त्यांनीच, आणि आठांपैकी दोघं तर त्यांच्याच पॅकहाऊसवर खोकी भरायला शिकलेले. ते वर्षभर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या मुलीनं कारभार हातात घेतला. तिला हे गावांचं वाटप पटलं नाही. बोलावलं त्या गावात ती गाडी पाठवायला लागली आणि भावही किलोमागं थोडा जास्त द्यायला लागली. मग वडील गेले. पंधरवडा उलटला नाही तोच तिला खोकी मिळेनाशी झाली. घड तोडणाऱ्या टोळ्यांनी तिच्याकडं यायचं बंद केलं. तिनं स्वतःच आयोगाकडं तक्रार केली, वकील न लावता, हिंदीत. आयोगानं चौकशी लावली. आणि मुलीनं मागणी केली की चौकशी संपेपर्यंत निदान खोकी आणि टोळ्या तरी अडवू नयेत असा तात्पुरता आदेश द्या. हंगाम तोंडावर होता. तो आदेश मिळाला तर पॅकहाऊस वाचणार, नाही मिळाला तर बंद पडणार, इतकं ते सरळ होतं.

फाईल माझ्याकडं आली. तक्रारीला जोडलेला पहिलाच कागद बघून मी आधी मोठ्यानं हसले आणि मग माझं डोकंच फिरलं.

तो कागद म्हणजे संघटनेच्या ठराव रजिस्टरातल्या एका पानाची झेरॉक्स होती. अक्षर मोत्यासारखं. ठराव क्रमांक एक: संघटनेचे संस्थापक सभासद यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा तीव्र शोक व्यक्त करते, सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली, ठरावाची प्रत कुटुंबीयांस पाठवावी. ठराव क्रमांक दोन चहापाण्याच्या खर्चाला मंजुरीचा. आणि ठराव क्रमांक तीन: दिवंगत सभासदांच्या कन्या वाटून दिलेल्या गावांची मर्यादा पाळत नाहीत, सबब खोकी पुरवठादार व तोडणी टोळ्यांना त्यांचेकडे काम न करण्याबाबत कळवावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. खाली संघटनेचा गोल शिक्का आणि शेजारी 'सत्यप्रत'.

शोकप्रस्तावाची प्रत घरी पाठवायची रीत. ती पाळायची म्हणून पानाची झेरॉक्स काढली आणि पान आख्खं गेलं, रजिस्टर पोस्टानं. मुलीनं तक्रारीत लिहिलं होतं की टपाल तेराव्याच्या दिवशी आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. आईनं भाच्याला सांगितलं, मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे आपल्या माणसाला किती मान होता ते. त्यानं वरपासून वाचायला घेतलं आणि वाचत खाली आला.

आठही जण माझ्या सात रस्त्याजवळच्या ऑफिसात आले. येताना केळ्यांचा एक खोका आणला. सोबत संघटनेचं लिखाण सांभाळणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. मला वाटलं होतं, आता निदान एकाची तरी मान खाली असेल. कसलं काय. सगळे गुरुजींवर तुटून पडले होते.

"ह्या मानसानं घोळ घातला, मॅडम," संघटनेचे अध्यक्ष म्हणाले. "वरचा तुकडा तेवढा कापून धाडायचा की न्हवं!"

गुरुजी ताठ बसले होते. "सत्यप्रत हाय ती. कापली की सत्यप्रत ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "आन तुमीच म्हनला न्हवं, सगळं रीतसर लिवत जावा. सभेत झालं ते लिवलं मी."

"मग आता रीतसर नवं रजिस्टर लिवा," अध्यक्ष म्हणाले. "तीन नंबरला झाडं लावायचा ठराव घाला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण तर कोणती झाडं लावायची ते सुचवायला लागला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी टेबलावर हात आपटला. पुरावा बनवणं हा गुन्हा आहे, रजिस्टरच्या एका पानाला जरी कुणी हात लावला तरी मी याच क्षणी केस सोडेन, असं मी चढ्या आवाजात सांगितलं. तिकडच्या खोलीतल्या टायपिस्टनंही टाईप करायचं थांबवलं. मी किती चारित्र्यवान आहे, असं मला त्या वेळी अगदी मनापासून वाटत होतं.

"मग काय करायचं, मॅडम?" अध्यक्षांनी एकदम मऊ आवाजात विचारलं. "तुमी सांगाल तसं."

आणि मी सांगितलं. हेच मला आजही सहन होत नाही. त्या आठांचा राग येतो तो येतोच, साळसूद चेहऱ्यानं मेलेल्या माणसासाठी उभं राहून, खाली बसल्या बसल्या त्याच्या लेकीचा धंदा बुडवणारी माणसं ती. पण त्यांना नुसतं ढोबळ खोटं बोलता येत होतं. ते कायद्याच्या भाषेत कसं बसवायचं ते मला येत होतं. मी म्हटलं, ठराव झालाच नाही असं आपण म्हणायचं नाही. झाला असंही म्हणायचं नाही. तक्रारदारानं जोडलेला कागद नुसती झेरॉक्स आहे, तो आम्हाला मान्य नाही, तिनं तो सिद्ध करावा, एवढंच म्हणायचं. सिद्ध करायला तिला मूळ रजिस्टर लागेल आणि ते गुरुजींच्या कपाटात आहे. आयोगानं मागितलं तर देऊ. पण मागवायला, तपासायला महिने जातील, आणि हंगाम त्याच्या आत संपेल.

"भारी हाय की हे," एकजण म्हणाला. अध्यक्षांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. गुरुजींनी तेवढी मान खाली घातली, ज्यांची काही चूक नव्हती त्यांनी. खोटं न बोलता खोट्याचं काम करून घेणं, याला आमच्या धंद्यात कौशल्य म्हणतात. त्या कौशल्यासाठीच हे लोक माझ्याकडं येतात, आणि पुण्यातला एखादा वकील करण्यापेक्षा मला घेतात कारण मी त्यांची भाषा बोलते.

मुलीच्या तात्पुरत्या आदेशाच्या अर्जाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते: फेटाळला गेला. कागद वादग्रस्त आहे, तो सिद्ध होईपर्यंत तात्पुरता आदेश देणं योग्य नाही, असं आयोगानं म्हटलं. मी दिलं तसं उत्तर समोर आलं तर कोणीही तेच म्हणेल. चौकशी अजून चालू आहे. पॅकहाऊस त्याच हंगामात बंद पडलं, यंत्रं विकली गेली, आणि आठांपैकी कुणी कोणतं यंत्र घेतलं हे मी मुद्दाम विचारलं नाही.

सांगायचं आहे ते सुनावणीचं.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी माझ्या ऑफिसात, गळ्याला पांढरा बँड लावून. दिल्लीला आयोगाचे तीन सदस्य. एका चौकटीत ती मुलगी, तिच्या पॅकहाऊसमध्ये खुर्ची टाकून बसलेली. मागं केळी धुवायची टाकी कोरडी पडलेली दिसत होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असावी. तिनं आपलं म्हणणं अडखळत, पण नीट हिंदीत मांडलं. खोकी कधी बंद झाली, टोळ्या कधी बंद झाल्या, कुणी काय सांगितलं, सगळं क्रमानं. मग माझी पाळी आली. मी वीस मिनिटं बोलले. कागद झेरॉक्स आहे, मूळ समोर नाही, आमच्या पक्षकारांना तो मान्य नाही. छान बोलले, मला माहीत आहे मी छान बोलले.

सदस्यांनी तिला विचारलं, काही सांगायचं आहे? ती सदस्यांना उत्तर न देता, हिंदी सोडून, मराठीत थेट माझ्याशी बोलली.

"मॅडम, वरचं पन मान्य न्हाय का तुमाला? आमच्या अप्पासाठी ही मानसं हुबी ऱ्हायली, ते पन झालं न्हाय म्हनताय का?"

दिल्लीत कुणाला मराठी कळत नव्हती. मधल्या सदस्यांनी मलाच विचारलं, त्या काय म्हणतायत, सांगाल का?

मला उत्तर माहीत होतं. वरचा ठराव खरा म्हटला की पान खरं ठरतं, आणि पान खरं ठरलं की खालचा ठरावही खरा ठरतो. हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला खरोखर फक्त तेवढंच हवं होतं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

"कागद पूर्ण नाकारलाय की काही भाग, असं तक्रारदार विचारतायत," मी सदस्यांना हिंदीत सांगितलं.

"मग?"

"पूर्ण," मी म्हणाले.